हेवॉनचा संघ, हिरडटोल्याची बोडी

हेवॉन, दक्षिण कोरिया
६ मार्च २०२२

बाबा, पाया पडून लिहितो.

फोनवर माझं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून हा कागद. याचा फोटो काढून आपल्या धाकट्या डिंपलच्या मोबाइलवर पाठवतो. तुम्हीही असंच करा. तुमचं अक्षर पाहिलं की बरं वाटेल.

मी नीट पोचलो. हेवॉन समुद्रकाठचं शहर आहे, भंडाऱ्यापेक्षा मोठं, नागपूरपेक्षा लहान. थंडी अशी की पहिल्या दिवशी सरावानंतर बुटाची नाडी सोडायला बोटं वळेनात.

हा फुटबॉलचा संघ कोणाच्या मालकीचा, असं तुम्ही मी निघताना विचारलं होतं. कोलकात्यात खेळायचो तेव्हा आमचा मालक एक बिल्डर होता. इथं तसा कोणी नाही. संघ शहराचा आहे. महापौर हाच अध्यक्ष, आणि नगर परिषदेत हात वर झाले की वर्षाचा खर्च मंजूर होतो. संघ सुरू झाला तेव्हा शहरातल्या लोकांनीही पैसे भरून त्याचे भाग विकत घेतले होते. मैदानासमोर चोई नावाच्या आजोबांचं नूडल्सचं दुकान आहे, त्यांनीही एक भाग घेतला होता. मला पाहून ते काहीतरी बोलले आणि सगळे हसले. दुभाष्यानं सांगितलं, आजोबा म्हणतात, तुझा डावा बूट माझा आहे, जपून खेळ.

आणखी एक आनंदाची गोष्ट. सरपंच परसराम काकांचा फोन आला होता. गावात पोरांसाठी मैदान करायचं चाललंय आणि त्याला माझं नाव द्यायचं म्हणतात. ग्रामसभेत दाखवायला त्यांनी व्हिडिओ मागितला. मी संघाचा निळा शर्ट घालून, आमच्या मैदानात उभा राहून बोललो की माझ्या गावात मैदान झालंच पाहिजे, सगळ्यांनी साथ द्या. बाबा, मी धान कापलेल्या बांध्यांमध्ये, धसकटांवर अनवाणी खेळलो. आता पोरांना तसं खेळावं लागणार नाही.

आईला सांगा, भात मिळतो. थोडा चिकट असतो, पण भातच आहे.

तुमचा
धनंजय

---

हिरडटोला
२७ मार्च २०२२

धनंजय,

अनेक आशीर्वाद. तुझा कागद भेटला. डिंपलनं मोठा करून दाखवला.

इकडं सारं बरं हाय. तुझ्या मायची तब्येत बरी हाय. ग्रामसभा झाली. तुझा व्हिडिओ शाळेच्या भिंतीवर लावला होता. आवाज मले समजला नाही, पण तू दिसला. बारीक झाला. लोकायनं टाळ्या वाजवल्या. मैदानाचा ठराव पास झाला.

बाकी तुले माहीतच हाय. तू बाहेरचं जग पाह्यलं, तू इचार करूनच बोलला असशील. त्याच्यावर मी काही लिहीत नाही.

ढिवरटोलीतला इश्वर भेटते. त्यानं निरोप काही देला नाही.

पायाले जपजो. थंडीत गरम पाणी पीत जाय.

सेवकराम

---

हेवॉन
३० एप्रिल २०२२

बाबा,

उशीर झाला, रागावू नका. आठवड्याला दोन सामने होते आणि त्यात बसचे प्रवास. पण बातमी चांगली आहे. मी आता पहिल्या अकरात खेळतो. मागच्या शनिवारी आम्ही जिंकलो, गोल माझ्या पासवर झाला. सामना संपल्यावर चोई आजोबांनी दुकानाबाहेर उभं राहून माझ्या बुटाकडे बोट दाखवलं.

इथं एक जूनला महापौराची निवडणूक आहे. रस्त्यावर गाड्या फिरतात, गाणी वाजतात, रंगीत जाकिटं घातलेले लोक वाकून नमस्कार करतात. एक उमेदवार म्हणतो की संघ म्हणजे शहराच्या पैशाची नासाडी, निवडून आलो तर बंद करीन. आमचा कप्तान मिन्सू म्हणतो, दरवेळी कोणी ना कोणी असं बोलतो, घाबरायचं नाही.

इश्वर काकांनी निरोप दिला नाही हे वाचून नवल वाटलं. एरवी बोडीच्या पाण्यात किती मोठी मासोळी लागली ते सांगितल्याशिवाय राहत नाहीत. पोहायला त्यांनीच शिकवलं मला. तिथंच पाण्यात ढकलून द्यायचे आणि त्यांची माय, केशरआजी, तळ्याच्या पारीवरून त्यांना शिव्या द्यायची. तिच्या हातचा मासोळीचा रस्सा कधी कधी झोपेत आठवतो.

परसराम काकांनी मैदानाचे फोटो पाठवले. लाल मुरूम, सपाट, केवढं मोठं. पण ही जागा कोणती? मी बराच वेळ पाहिलं, ओळखू येत नाही. दिघोरीच्या रस्त्याकडची पडीक आहे का? काका म्हणाले होते, पडून असलेली जागा आहे.

धनंजय

---

हिरडटोला
१२ मे २०२२

धनंजय,

तुझा कागद वाचून डिंपलले म्हटलं, हा पोट्टा खरंच इचारून राहिला का मस्करी करून राहिला. ते म्हणे, बाबा, त्याले माहीत नाही.

ते आपली बोडी हाय.

उन्हाळ्यात पाणी आटलं तशी मशीन आणली. बोडीची पार फोडून तिची माती आत ढकलली, वरून मुरूम टाकला. पारीवरचे मोहाचे झाडंही गेले. म्हून तुले ओळखू आलं नाही. मलेही येत नाही आता. सकाळी उठून तिकडं पाह्यतो आन वाटते, दुसऱ्याच गावात आलो.

ग्रामसभेचं तवा लिहिलं नाही, ते आता लिहितो. परसराम वाईट माणूस नाही. पोलिस-मिलिटरीच्या भरतीसाठी पोट्टे रोडवर धावतात, मागच्या साली एकाले ट्रकनं उडवलं. मैदान पाहिजे हे खरं हाय. जंगलाची जागा भेटत नाही, गावाची दुसरी नाही. बोडी गाळानं भरली, आता नहराचं पाणी येते, बोडी कायले पाहिजे, असं तो म्हणे. इश्वर उठून बोलला का आमच्या ढिवरटोलीचं पोट बोडीतल्या मासोळीवर हाय. मीही उभा झालो. तं परसराम माझ्या कानापाशी आला आन मोठ्यानं म्हणे, "भाऊ, तुमचाच पोरगा भिंतीवर उभा राहून मैदान मांगते. आता आम्ही तुमचं आयकू का त्याचं?"

लोकं हासले. मी खाली बसलो. मागं वळून पाह्यलं तं इश्वर निघून गेलता.

मले वाटलं, तुले माहीत हाय. जाणूनच बोलला. आपल्या बापाले, इश्वरले, केशरबाईले सोडून तू मैदान मांगतलं असं मी दोन महिने मनात धरून बसलो. तुझ्या मायले सुद्धा नाही बोललो.

खरं काय ते लिही.

सेवकराम

---

हेवॉन
१६ मे २०२२

बाबा,

मला माहीत नव्हतं. आईची शपथ घेऊन लिहितो, मला माहीत नव्हतं.

परसराम काकांना लगेच फोन केला. ते शांतपणे म्हणाले की पडून असलेली जागा म्हणजे बोडीच, तिचं आता काय उरलं होतं. आणि काम झालं आहे, आता बोलून काय फायदा. मी म्हटलं, तुम्ही मला बोडी असा शब्द सांगितला नाही. तर म्हणाले, तू तरी कुठं विचारलंस.  खरंच नाही विचारलं. मैदानाला माझं नाव, एवढंच कानात राहिलं होतं.

ग्रामपंचायतीला अर्ज लिहून पाठवला आहे की मैदानाला माझं नाव देऊ नये, आणि पाऊस यायच्या आत मुरूम काढून बोडी पुन्हा मोकळी करावी. डिंपल छापून नेऊन देईल.

दोन महिने तुम्ही माझ्याबद्दल असं मनात धरून होतात आणि मी इथं आनंदात होतो. तुम्ही मला विचारलं का नाही, असं लिहिणार होतो. पण मी तरी काय, भिंतीवरून बोललो आणि तुम्हाला विचारलं नाही.

इश्वर काकांना सांगाल का? मी त्यांच्या मोबाइलवर फोन लावतो, ते उचलत नाहीत.

धनंजय

---

हिरडटोला
२० जून २०२२

धनंजय,

तुझा कागद वाचला त्या दिवशी तुझ्या मायनं सांगतलं का मी पोटभर जेवलो. माझं मले समजलं नाही. मनावरचं मोठं ओझं उतरलं.

तुझा अर्ज सभेत वाचला. परसरामले लागलं. म्हणे, ज्याच्यासाठी एवढी मरमर केली तोच उलटला. लोकंही म्हणून राहिले का सेवकरामनंच पोराले पढवलं, त्याले आपल्या बांध्यायच्या पाण्याची पडली हाय. अर्ज बाजूले ठेवला. कमान उभी झाली, तिच्यावर रंगवलं, धनंजय सेवकराम कापगते क्रीडांगण. पंधरा ऑगस्टले उद्घाटन हाय.

धान रोवाले यंदा आपल्याकडं बाया येत नाहीत म्हणतात, साऱ्यायले राग हाय. तुझी माय, डिंपल आन मी, तिघंच लावू. होईल हळूहळू.

इश्वरले तुझा कागद दाखवला. तो वाचून म्हणे, पोराचा दोष नाही. पण मंग मासोळी नाही तं काय खावं, म्हून बायको घेऊन हैदराबादले बांधकामावर गेला. केशरबाई गेली नाही. म्हणे, मी तिथं कोणाच्या दारात बसू. एकटी राह्यते. तुझी माय रोज भाजी नेऊन देते.

तुझ्या तिकडची निवडणूक काय झाली?

सेवकराम

---

हेवॉन
१२ जुलै २०२२

बाबा,

तोच उमेदवार निवडून आला. या महिन्यात गादीवर बसला आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या मैदानात आला. उन्हात आम्हाला ओळीत उभं केलं होतं. एकेकाचा हात हातात घेतला. हात मऊ होता आणि बोलणंही मऊ. म्हणाला, तुमच्यावर माझा राग नाही, पण दवाखान्याला नवी इमारत हवी आहे आणि स्टेडियमच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. बाबा, खुर्च्या रिकाम्या असतात हे खरंच आहे. त्याच्या बोलण्यात खोटं असं मला काही सापडलं नाही, म्हणून जास्त भीती वाटली.

सप्टेंबरात नगर परिषद ठरवेल. तोवर खेळायचं. आम्ही सलग हरतोय. मिन्सू आता 'घाबरायचं नाही' असं म्हणत नाही. त्याची बायको बाळंत व्हायची आहे.

माझा करार हंगाम संपेपर्यंत आहे, काळजी करू नका.

मोबाइलवर विदर्भात फार पाऊस असल्याचं वाचलं. बोडीत यायचं ते जंगलाकडचं पाणी आता कुठं जातं? केशरआजीचं घर सगळ्यांत खाली आहे. पाऊस वाढला तर तिला आपल्या घरी आणा. ती नाही म्हणेल, तरी आणा.

धनंजय

---

हिरडटोला
२९ जुलै २०२२

दादा,

हे पत्र मी लिहिते आहे. बाबा लिहायला बसत नाहीत. तुला कळवू नको म्हणाले होते, पण लपवून चालणार नाही.

केशरआजी गेली.

मागच्या सोमवारपासून पाऊस थांबलाच नाही. आधी मैदानात पाणी साचलं, मग ते चारी बाजूंनी वाहायला लागलं आणि ढिवरटोलीत शिरलं. सकाळी घोट्याएवढं होतं, दुपारी कमरेपर्यंत आलं. बाकीची घरं शाळेत गेली. बाबा आजीला आणायला गेले. आजी दाराशी खाटेवर बसली होती, शेळीला धरून. बाबांनी हाताला धरून बाहेर ओढलं, तर म्हणे शेळी घेतल्याशिवाय येत नाही. बाबा शेळी घेऊन निघाले, तिला म्हणाले, माझ्यामागं ये. ती निघालीच होती. मागची मातीची भिंत बसली आणि तिच्यावर छत आलं. बाबांना आवाज आला नाही. थोडं पुढं जाऊन त्यांनी वळून पाहिलं, तेव्हा घरच नव्हतं.

ज्यांना मैदान हवं होतं, त्याच पोरांनी तिला काढलं. बंटी आणि त्याचे भरतीवाले मित्र, हातानं चिखल उपसत होते. परसराम काकाही होते, डोकं उघडं, पाण्यात. 

इश्वर काका तिसऱ्या दिवशी पोचले. रस्ते बंद होते, तोवर थांबता आलं नाही. अग्नी बाबांनी दिला.

दादा, तुझ्या नावाची कमान तशीच उभी आहे. येता-जाता बाया तिच्याकडे पाहून पदर तोंडाला लावतात. तू मनाला लावून घेऊ नको असं मी लिहिणार होते, पण मलाच ते खरं वाटलं नसतं.

बाबा शेळीला चारा घालतात. 

डिंपल

---

हेवॉन
२२ सप्टेंबर २०२२

बाबा,

इतके दिवस लिहिलं नाही. कागद समोर घ्यायचो, 'बाबा' लिहायचो आणि पुढं हात चालायचा नाही. डिंपलचं पत्र आलं त्या आठवड्यात मी दोन सामने खेळलो. दुसऱ्यात चेंडू माझ्या पायाला लागून आमच्याच गोलात गेला. मिन्सूनं खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं, मी त्या गोलामुळं रडतोय. मी त्याला सांगितलं नाही. कोणत्या भाषेत सांगणार होतो?

तुम्हाला आवाज आला नाही म्हणून तुम्ही वळला नाहीत. हे तुम्ही स्वतःला लावून घेतलं असणार, मी तुम्हाला ओळखतो. बाबा, तुम्ही तिला आणायला गेला होतात. गावातून तुम्हीच गेला होतात.

पंचायतीला पुन्हा अर्ज पाठवला आहे. एकच ओळ लिहिली, माझं नाव काढा.

इथलं सांगतो. काल नगर परिषदेत मतदान झालं. आम्ही खेळाडू बाहेर पायऱ्यांवर बसलो होतो. भाग घेतलेले काही म्हातारे लोक आत गेले, चोई आजोबाही गेले. त्यांना बोलायला परवानगी नव्हती, नुसतं ऐकायचं. दारातून दिसत होतं. हात वर झाले, मोजले, आणि पुढचा विषय सुरू झाला. हंगाम संपला की संघ बंद. आजोबा बाहेर आले आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले. दुभाष्या नव्हता, तरी ते बराच वेळ बोलत राहिले. मला एवढंच कळलं की ते रागावले नव्हते. मला वाटतं, त्यांना समजून घ्यायचं होतं की जी वस्तू आपली आहे असं वीस वर्षं सांगितलं, ती आपल्याला न विचारता कशी गेली.

मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. माझा चेहरा शाळेच्या भिंतीवर होता आणि लोक हात वर करत होते, तेव्हा इश्वर काका मागून असेच बाहेर पडले असतील.

शेवटचा सामना ऑक्टोबरात आहे. मग येतो. दुसरा संघ पाहा, असं एजंट म्हणतो. मी अजून हो म्हटलेलं नाही.

धनंजय

---

हिरडटोला
१६ ऑक्टोबर २०२२

धनंजय,

तू लिहिलं का मीच गेलतो तिले आणाले. ते डिंपलनं मले वाचून नाही दाखवलं, मी सोताच वाचलं. मंग लिहावं वाटलं.

धान निसवला. आपल्या खालच्या बांध्यायत रेती बसली, तिथलं गेलं. वरचं उभं हाय.

उद्घाटन पंधरा ऑगस्टले झालं नाही. कोणाची हिंमत झाली नाही. पण दोन ऑक्टोबरले सभा झाली आन तुझा अर्ज मंजूर केला. या वेळेस सारेच हात वर झाले. परसराम उभा राहून बोलला का आपल्याकडून चुकलं, त्या म्हातारीसाठी काहीतरी कराले पाहिजे. त्याच्या डोळ्यात पाणी होतं, ते खोटं नव्हतं. मी इचारलं, मुरूम कधी काढता. तो म्हणे, भाऊ, काढाले आता कोणाकडं काय हाय. आन पोट्टे तं खेळून राहिले.

खेळतात हे खरं हाय. चिखल वाळला तशे संध्याकाळी येतात. बंटी शिकवते त्यायले.

कमानीवरचं तुझं नाव पुसलं. त्याच्यावर नवीन रंगवलं, कैलासवासी केशरबाई क्रीडांगण.

इश्वर परवा आला होता. घराची जागा पाहाले आला, का सरकारी मदतीसाठी आला, मी इचारलं नाही. आपल्याकडं जेवला. शेळी पाह्यली, म्हणे तुमच्याकडंच राहू द्या. मंग मी त्याले बसपर्यंत सोडाले निघालो. वाट मैदानाकडूनच हाय. दुसरीकडून नेलं असतं तं त्याले समजलंच असतं, म्हून तिकडूनच नेलं. पोट्टे खेळत होते. तो कमानीखाली थांबला. त्याले वाचता येते, पण सावकाश वाचते. एक एक अक्षर पाहून वाचलं. मंग माझ्या कानाजवळ तोंड आणलं आन इचारलं, "भाऊ, माय कधी हा खेळ पाह्यत होती का?"

मी म्हटलं, नाही.

 चेंडू आमच्या पायापाशी आला होता. त्यानं वाकून हातानं उचलला, पोरायच्या हातात नेऊन देला, आन मंग आम्ही दोघं बसच्या वाटेला लागलो.

सेवकराम